माझ्या चरख्याचं सूत

उंब्रज, मंगळवार, ३ ऑगस्ट १९४८

संध्याकाळी शिंप्याच्या ओट्यावर पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. लंडनच्या ऑलिंपिकात आपला फुटबॉलचा संघ फ्रान्सकडून एका गोलानं हरला. आपले बरेचसे गडी अनवाणी खेळले म्हणे. त्यावरून सगळे तावातावानं भांडत होते. माझं मन मात्र खालच्या बातमीत अडकलं. शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला कोण हे डोळ्यांना कळेना, म्हणून फोटो बघून ठरवलं.

ती भरभर वाचून टाकली. समोर म्हादू बसला होता.

दोन वर्षांपूर्वी गावच्या शर्यतीला पंच मीच होतो. शेवटच्या रेघेवर धरायला मी माझ्या चरख्याचं सूत दिलं. केवढी हौस! तेही दुहेरी पिळलेलं. ते म्हादूच्या छातीला लागलं, ताणलं, पण तुटेना. तो अडखळला आणि मागून आलेल्या गणपानं ते तोडलं. ज्याच्या अंगावर धागा तुटेल तो पहिला, असंच आम्ही मानत आलो. मी नंबर गणपाला दिला. बघायला आलेल्या सुभेदारांनी त्याला तिथूनच पलटणीत नेलं. म्हादू अजून उसाला पाणी पाजतोय.

आज तो एवढंच म्हणाला, "आवं मास्तर, तिकडं फोटू काडावा लागला. हितं तर तुमी हुता की समोर."

चिडून बोलला असता तर बरं झालं असतं.

होतो ना समोर. पण मी माझं सूत तुटतंय का, एवढंच बघत होतो.