बाळ्याचा पावसाळा

मालगुंड
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय वेदिका,

भावेशनं काल मुंबईहून फोन करून तुझा मेसेज वाचून दाखवला. महिनाअखेरीला तुमच्या जोधपूरच्या कॉलेजचा माणूस रत्नागिरीला येणार आहे, त्याच्या हाती तुझा विंचू देऊन टाकावा, आणि काकूंना एवढे महिने त्रास दिला म्हणून माफी. मला राग आलाय. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. गणपतीपर्यंत दर बुधवारी तू मला फोन करून त्यानं काय खाल्लं ते विचारत होतीस, मग आताच माझा नंबर कुठे हरवला? तो माणूस येणार आणि बरणी घेऊन जाणार, म्हणजे मग तुला मला फोन करायचं काही कारणच उरणार नाही. हे तुझ्या लक्षात आलं असेल, म्हणूनच तू मेसेज भावेशला केलास.

तू आलीस तेव्हा आंब्याचे दिवस होते. भावेशनं मैत्रीण म्हणून ओळख करून दिली आणि त्याचे कान लाल झाले, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. तू देशावरची. बांगडा साफ करताना हात कापून घेतलास, आणि रक्त पुसायचं सोडून त्याच्या पोटात काय निघतंय ते बघत बसलीस. सासूबाई मला आत येऊन म्हणाल्या की पोर कामाची आहे. चौथ्या दिवशी तू बॅगेतून ती बरणी काढलीस. आत जोधपूरच्या वाळवंटातली वाळू, आणि वाळूवर करंदीएवढा, बारीक कोळंबीएवढा पिवळट जीव, शेपूट वर करून. आमच्या कातळावरच्या लाल विंचवानं चांगली धडधाकट माणसं दवाखान्यात पोचवलेली आहेत, त्यामुळे आमच्याकडे विंचू दिसला की आधी चप्पल आणि मग देवाचं नाव. सासूबाईंनी चप्पल उचललीच होती. "अगो, ह्यो इचू हाय, पावना नाय!" म्हणून त्या केवढ्यानं ओरडल्या! तू न घाबरता त्यांना शेजारी बसवलंस आणि सांगितलंस की विंचवाची आई आपली सगळी पिल्लं पाठीवर घेऊन फिरते, त्यांची पहिली कात पडेपर्यंत. सासूबाईंना पाच मुलं. त्यांनी चप्पल खाली ठेवली.

तुला इथूनच पुढे बंगळूरला जायचं होतं, तिकडे बरणी नेता येणार नव्हती. काकू, महिनाभर सांभाळाल का, असं तू विचारलंस. भावेशला नाही, मला विचारलंस, म्हणून मी हो म्हटलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण तुझं बंगळूरचं काम लांबलं आणि तुझ्या विंचवानं आमच्या ओट्यावर चांगलं पाच महिन्यांचं बिऱ्हाड केलं. तू त्याचा तुमच्या अभ्यासातला नंबर सांगितला होतास, सतरा. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याचं बाळ्या केलं.

जूनमध्ये होड्या वर ओढल्या आणि हे घरी बसले. दरवर्षी त्या दोन महिन्यांत हे जाळी विणतात आणि माझ्याशी भांडतात. यंदा भांडायला वेळच मिळाला नाही. आठवड्यातून एकदा खायला घालायचं, तेही त्याच्याहून लहान किडा, असं तू लिहून ठेवलं होतंस, तरी हे रोज सकाळी न्हाणीघरात झुरळाची पिल्लं शोधत बसायचे आणि काडीपेटीतल्या काडीशी मोजून बघायचे. माझ्या न्हाणीघरात झुरळं आहेत हे अख्ख्या वाडीला कळलं. तू ठेवून गेलेला तो निळा दिवा तर विचारूच नकोस. संध्याकाळी लाइट गेली की शेजारची माणसं त्या उजेडात बाळ्या हिरवा चमकतो ते बघायला यायची, आणि हे त्यांना सगळं असं समजावून सांगायचे जणू ह्यांनीच त्याला जन्म दिला.

आता एक कबुली. आषाढात तो मरता मरता वाचला, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. त्या दिवसांत आमच्याकडे मिठाचंसुद्धा पाणी होतं. बरणीतली तुझी वाळू ओली होऊन तिच्यावर बुरशी धरली. सासूबाई म्हणाल्या, दारात एवढी पुळण पसरलीय, वाळूसाठी जोधपूर कशाला हवं? समुद्रावर जगणारी माणसं आम्ही, आमच्या लेखी वाळू म्हणजे वाळू. तुझी वाळू घरामागच्या परड्यात टाकली आणि किनाऱ्यावरची स्वच्छ, पांढरी वाळू भरली. दोन दिवसांत बाळ्या काचेला टेकून उभा. पाय उचलून धरायचा, शेपूट खाली. समोरचं पिल्लू खाईना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती वाळू खारी आहे, मिठासारखी पाणी ओढतेय. मग ती वाळू विहिरीच्या पाण्यात सात वेळा धुतली. खारटपणा गेला की नाही ते बघायला ह्यांनी प्रत्येक वेळी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली. लोखंडी कढईत भाजली, गार केली, आणि बरणी चुलीवरच्या फळीवर सुक्या मासळीशेजारी नेऊन ठेवली. गॅस असूनही दोन महिने मी त्याच्यासाठी रोज चूल पेटवली. चौथ्या दिवशी त्यानं झुरळ पकडलं तेव्हा हे एवढ्यानं ओरडले की शेजारीण पदर खोचून धावत आली. बुधवारी तुझा फोन आला आणि मी म्हटलं, बरा आहे. तो खरंच बरा होता, पण तीन दिवस मी जेवले नव्हते ते नाही सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं कात टाकली. पाठीकडून नाही, तोंडाकडून बाहेर आला, मऊ आणि दुधासारखा, आणि आपलीच रिकामी कात शेजारी ठेवून थकून पडला. सगळं मी पाहिलं. तुला सांगायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला. काल सासूबाईंनी कोयत्या-सुऱ्यांबरोबर बाळ्याला उचलायच्या तुझ्या त्या लांब चिमट्यालाही हळदकुंकू वाहिलं. बाळ्याचं हत्यार ते, असं त्यांचं म्हणणं.

गणपतीनंतर भावेशनं मला तीन वाक्यांत सांगितलं. त्याला मुंबईत नोकरी मिळाली, तू जोधपूरचं काम सोडायला तयार नाहीस, संपलं. मी विचारलं, तू तिला काम सोडायला सांगितलंस का? तो म्हणाला, आजी कशी आहे? एवढ्याशा जिवाला एक पावसाळा जगवल्यावर मला तुझं काम थोडं कळलंय. तो माझा मुलगा आहे, पण चुकला, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तुम्ही पुन्हा जुळवून घ्या असं म्हणायला मी लिहीत नाहीये. तुमचं तुटलं ते तुम्हा दोघांचं. माझं तुझ्याशी जे जुळलं होतं, ते तोडताना मला कुणी विचारलं नाही.

तेव्हा त्या माणसाला इकडे पाठवू नकोस. बाळ्याला मी घेऊन येतेय. चिपळूणच्या पुढे मी एकटी कधी गेले नाही, पण आज सकाळी रत्नागिरी स्टेशनात जाऊन तिकीट काढलं. एक गाडी अजमेरपर्यंत, तिथून दुसरी जोधपूरला, तुझ्याकडे. दिवाळीच्या आठ दिवस आधी पोचते. भावेशला सांगितलेलं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, बरणी मांडीवर ठेव, वर ठेवू नकोस. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, एवढ्या लांब कुणाकडे निघालात? माझ्या तोंडून निघून गेलं, मुलीकडे. मी चुकीचं बोलले असेन तर फोन करून सांग, मी तिकीट रद्द करीन. नाहीतर स्टेशनवर ये, मला तिकडची भाषा येत नाही.

तुझीच,
मनिषाकाकू