माझ्या मनगटाचं ऑपरेशन, माझ्याच देखरेखीखाली

३ मार्च, सकाळ
नातीच्या स्केट्सवर नुसतं उभं कसं राहायचं, ते तिला दाखवत होतो. पडलो नाही, जमीन जरा लवकर आली. उजवं मनगट सुजलंय. मी स्वतः हाडांचा सर्जन, त्यामुळे एक्स-रेची गरज नाही. किरकोळ मुरगळ.

३ मार्च, संध्याकाळ
बायकोने ओढतच माझ्या हॉस्पिटलात नेलं. सांध्यापाशी हाडाचे सहा तुकडे. फारच देखणं फ्रॅक्चर! दुसऱ्या कुणाचं असतं तर लेक्चरमध्ये दाखवलं असतं.
डाव्या हाताने लिहितोय. हिच्या मते अक्षर सुधारलंय.

४ मार्च
उद्या ऑपरेशन. प्लेट आणि स्क्रू. करणार माझीच विद्यार्थिनी. म्हटलं, नुसता हात बधिर कर, मी जागा राहून सूचना देतो. ती म्हणाली, सर, उद्या तुम्ही फक्त पेशंट व्हा हं. पोरीला विनोदबुद्धी आहे.
मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारच्या ऑपरेशनच्या लिस्टवर सर्जन म्हणून माझं नाव घालून ठेवलं. नाहीतर माझी सगळी ऑपरेशनं ही पोरच करत सुटायची.

५ मार्च
ऑपरेशन यशस्वी. पहिल्यापासून शेवटपर्यंत सूचना दिल्या. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

६ मार्च
सिस्टर बायकोला सांगत होती, सर सुई टोचताच झोपले, घोरले, मध्येच ‘ब्रेक कुठाय?’ म्हणून ओरडले. घोरणं नव्हे ते. मी एकाग्र झालो की श्वास तसाच येतो.

१५ मार्च
फिजिओ म्हणते, बोटं रोज मिटा, उघडा. हे व्यायाम मीच पेशंटना सांगतो. मला पाठ आहेत. करायची गरज नाही.

२ एप्रिल
बोटं आखडलीत. हवेमुळे. विद्यार्थिनी भर ओपीडीत कडाडली: सर, हाड मी जोडलं, आता बोटंही मीच हलवू का? तिला कामाचा ताण आलाय. रजा घे म्हणालो.

४ मे
ऐटीत थिएटरमध्ये शिरलो. ग्लोव्ह चढवला. तीन बोटं आपापल्या जागी गेली, दोन एकाच खोलीत अडकली. सिस्टरने दुसरा दिला. मग मोठा. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
विद्यार्थिनीने माझा ग्लोव्ह उतरवला आणि टेबलापाशी गेली. मी कोपऱ्यात स्टुलावर. तिने माझ्यापेक्षा चांगलं केलं.
तिथून थेट फिजिओकडे. मऊ गोळा दाबत बसलो. शेजारच्या आजींचा वेग माझ्या दुप्पट. शेवटी मूठ अर्धी मिटली. फिजिओ म्हणाली, शाब्बास काका!
फार बरं वाटलं.