शर्यत आपल्या गावातून गेली तेव्हा

ओत्तोरिनोकाका,

चौदा वर्षं सायकलीवर कप्तानाला पाणी पुरवून एकही शर्यत न जिंकलेल्या माणसाचं मी ऐकायलाच नको होतं!

काल आपलं गाव आल्यावर रिवाजाप्रमाणे शर्यतीतल्या सगळ्यांनी मला घरच्यांना भेटायला पुढे सोडलं. दारात तुमची लेक नीवेस, माझी होणारी बायको, हात पसरून उभी. शेजारून तुम्ही ओरडलात, "थांबू नकोस, गाढवा! मी इथंच काकूसाठी थांबलो, म्हणून हरलो. पळ!"

पळालो. "दगाबाज!" म्हणत त्यांनी दहा मिनिटांत गाठलं. शेवटून दुसरा आलो.

नीवेस म्हणते, "आता सायकलीशीच लग्न कर."

तिच्यासाठी मी पादोवाचं कॉलेज सोडलं, काका! थांबलो म्हणून हरलो, हे एकदा काकूंसमोर म्हणून दाखवा.

पत्र त्यांच्याच हाती पडेल, म्हणून टाकत नाही.

तुमचाच गाढव,
एलिजिओ