शेवटच्या गाडीची जागा

केविनॉ, फेब्रुवारीचा पहिला सोमवार

तीर्थरूप रेनोदादास,

धाकट्या सायमाचा नमस्कार. तुझा गुडघा, वहिनीचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या अंगणातलं लिंबाचं झाड (ज्याचा फोटो तू दर पत्रात पाठवतोस, जणू नातवंडच) असे तिघंही ठणठणीत असतील अशी आशा करते. आमचं ठीक आहे. छपरावरचा बर्फ काल उतरवला, आज पुन्हा तेवढाच साठलाय. तेव्हा व्यायामाची काळजी नको.

व्यायामावरून आठवलं. "तुझा नवरा गेला, आता ओनीची ती बर्फगाडी विकून टाक आणि कायमची ॲरिझोनाला ये, इथे तुझ्या वयाच्या बायका सकाळी तलावात उतरून हातपाय हलवतात," हे तुझं पत्र वाचलं. वाचताना गोड निसू-पावाचा तुकडा (यंदा त्यात वेलदोडा जरा जास्तच पडला) कॉफीत बुडवला होता, तो रागाच्या भरात तिथेच विरघळून गेला. तर उत्तर सरळ देते. गाडी विकणार नाही. तलावात उतरून हातपाय हलवणार नाही. ज्या गावात फेब्रुवारीत माणसं अर्ध्या चड्डीत फिरतात, त्या गावावर माझा काडीचा विश्वास नाही.

आता गाडी का हवी ते ऐक. क्लबची दरवर्षीची फेरी तू विसरला नसशील: सगळ्यांनी रांगेनं जंगलातून सरोवराकाठच्या खानावळीपर्यंत जायचं आणि खाऊन परत यायचं. रांगेत शेवटची गाडी नेहमी ओनीची. कुणाचा पट्टा तुटला, कुणी झाडीत घुसलं, कुणाला मध्येच लघवीला लागली, तर शेवटच्यानं थांबायचं, त्याला एकटं सोडून पुढे यायचं नाही. यंदा विल्बर्ट (हो, तोच, तुझ्या वर्गातला. आता क्लबचा अध्यक्ष आहे आणि कुठेही जायचं तर त्याचं पोट आधी पोचतं) माझ्याकडे आला, टोपी काढली, किटलीभर कॉफी रिचवली आणि म्हणाला, "सायमा, यंदा तू आपली मोटारीनं थेट खानावळीत ये. सूपाकडे बघ." सूपाकडे बघ! मी म्हटलं, "विल्बर्ट, सूप कुठे पळून जात नाही. मला ओनीची जागा पाहिजे." लोक पहिल्या जागेसाठी एकमेकांच्या उरावर बसतात, आणि इथे मी शेवटच्या जागेसाठी टेबलावर मूठ आपटत होते, त्यामुळे तो जरा गोंधळलाच. शेवटी अट घातली: रविवारी त्याच्यामागून पोराबाळांच्या चालीनं खाणीची टेकडी चढून दाखवायची, कुठेही न थांबता. नाही जमलं तर सूप.

अडचण अशी की माझी स्वतःची गाडी गेल्याच वर्षी मोडीत गेली, आणि ओनीनं ही गोठलेल्या सरोवरावरच्या शर्यतीसाठी तयार केलेली. (जंगलात तो शेवटचा आणि सरोवरावर पहिला. मधलं काही त्या माणसाला आयुष्यात जमलं नाही.) इंजिन पार किंचाळायला लागल्याशिवाय क्लच गाडी चालवणारा रबरी पट्टा धरायचाच नाही, आणि धरला की मानेला असा हिसका की टोपी मागे राहायची. रांगत जायचं म्हटलं की पट्टा घसरून जळणार. दर फेरीत एक तरी पट्टा जाळून तो दोष थंडीला द्यायचा. म्हणून मी ठरवलं: क्लचमध्ये मऊ स्प्रिंग घालायची, म्हणजे तो लवकर धरेल, आणि साखळीवरचं मोठं दातेरी चक्र काढून लहान बसवायचं, म्हणजे वेग कमी मिळेल पण चढाला ओढ येईल. स्प्रिंग दुकानातून आणली. लहान चक्र आणि त्याच्या मापाची साखळीही मिळाली. (कुठे मिळाली ते विचारू नकोस. मिळाली.)

शेडमध्ये इतकी थंडी की पाना बोटांना चिकटतो, म्हणून क्लच उतरवून सौनाच्या बाहेरच्या खोलीत नेला. तिथल्या बाकावर बसून झाकणाचे बोल्ट काढत होते. आत स्प्रिंग दाबलेली असते, घाई करायची नसते, हे मला ठाऊक होतं. लक्षात नव्हतं ते एवढंच की तो शनिवार होता, शेजारणीसोबत वाफ घ्यायचा वार, आणि सौना मी दुपारीच पेटवला होता. शेवटचा बोल्ट फिरवत असतानाच शेजारची हेल्मी पंचा गुंडाळून आत आली आणि म्हणाली, "अगं बाई, नवीन शेगडी आणलीस?" तेवढ्यात झाकण उडालं, पाण्याच्या बादलीवर आदळलं, आणि स्प्रिंग हेल्मीच्या कानाजवळून गेली. हेल्मी तशीच बाहेर बर्फात. (ती दर शनिवारी बर्फात लोळतेच, पण आधी घाम काढून. या वेळी क्रम उलटा झाला.) अजून अबोला आहे. मला काय, बाकावर जागा जास्त मिळते.

रविवारी निघालो. सकाळी दोन पास्ट्या (आत मांस-बटाटा, वर भरपूर लोणी) भाजल्या होत्या, त्या चांदीच्या कागदात गुंडाळून इंजिनावरच्या टोपाखाली गरम राहायला ठेवल्या, जसं आपल्याकडे कुणीही ठेवतं. सपाटीवर गाडी अशी लोण्यासारखी चालली की मी विल्बर्टच्या पाठीला जीभ काढून दाखवली. टेकडी लागली आणि इंजिन बोंबलायला लागलं. आवाज शर्यतीचा आणि चाल गोगलगायीची, आणि अर्ध्यावर तीही संपली. विल्बर्ट उतरून मागे आला. "पट्टा जळतोय तुझा," म्हणाला. मग नाक वर केलं, "आणि काहीतरी झकास भाजतंयही." वर पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून, "सूप काही कमी मानाचं काम नसतं गं." मी तो हात उचलून त्याचा त्याला परत दिला आणि पुढचा रविवार मागून घेतला.

तो आठवडा मला शत्रूलाही द्यावासा वाटत नाही. जुनी स्प्रिंग घातली, क्लच घसरतो. नवी घातली, घसरतो. आतली वजनं जड केली, मग हलकी केली, तरी तेच. रोज पट्टा धुवायचा, रोज चाचणीला निघायचं (रोज पास्टी बरोबर, उपाशीपोटी डोकं चालत नाही), रोज ढकलत परत. एका दुपारी तर मी ओनीला मोठ्यानं शिव्या दिल्या, आणि मग शेडमध्ये त्याच्या हत्यारांच्या खोक्यावर बसून रडले. तेवढ्यात हेल्मीचा कुत्रा (त्याचा माझ्याशी अबोला नाही) आत आला, उघड्या इंजिनाशी गेला आणि मन लावून क्लच चाटायला लागला.

पास्टी, दादा! चांदीच्या कागदाला भोक, आणि लोण्याचे थेंब नेमके पट्ट्यावर. टोपाखाली पास्टी तापवतो हे मी वर्षानुवर्षं बघत आले, पण ओनी ती नक्की कोणत्या बाजूला ठेवायचा ते कधी बघितलंच नाही. मला ती गरम गरम हातात मिळायची.

क्लच पुसून लख्ख केला, नवा पट्टा चढवला, पास्टी सायलेन्सरच्या पलीकडे बांधली. काल विल्बर्टच्या मागून टेकडी चढले, म्हातारी गाय चढेल तशी, पण थांबले नाही. प्रत्येक वळणावर तो मागे बघायचा, मोठ्या आशेनं, आणि माझा दिवा तिथे असायचाच. वर पोचल्यावर म्हणाला, "मग सूपाकडे कोण बघणार?" मी म्हटलं, "तू."

शेवटची जागा माझी झाली. वहिनीला नमस्कार, लिंबाला आशीर्वाद.

तुझी न ऐकणारी बहीण,
सायमा

ता. क. लोण्याचं विल्बर्टला कळता कामा नये. नवी स्प्रिंग बसायला आठवडा लागतो असं मी त्याला सांगितलंय, आणि तो ते आता सगळ्यांना समजावून सांगत फिरतो.

ता. क. पुन्हा. लहान चक्र आणि साखळी तुझ्या बर्फगाडीतली. "एखाद्या हिवाळ्यात येईन" म्हणून माझ्या शेडमध्ये ठेवून गेलास, तीच. याला चोरी म्हणत नाहीत. त्या जागी ओनीचं चक्र आणि त्याची साखळी बसवली आहे.

ता. क. शेवटचा. इतकी वर्षं रांगेत मी ओनीच्या पुढे असायचे. वळणावर थांबायचं, मागच्याचा दिवा दिसला की निघायचं, हा नियम. मी थांबायचे, तो दिसायचा, मी निघायचे. आता माझ्या मागे कुणी असणार नाही, ते मी सोसेन. पण पुढे कुणीतरी वळून बघणारं हवं, दादा. माझ्या पुढची जागा भरली आहे असं मी विल्बर्टला सांगून ठेवलंय. फेरी या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. तुझ्या गाडीत आता ओनीचं मोठं चक्र आहे, ती सुसाट सुटेल. तू सुटू नकोस. वळणावर थांब, माझा दिवा दिसेपर्यंत.