नंबर लागला नाही त्याची कंदुरी

१६ एप्रिल, बुधवार
नाही झालं.

दुपारी मेल आला. गुलमंडीला दुकानात होते. एक बाई आंबा कलरच्या साडीला मॅचिंग शोधत होत्या. चार पिवळे दाखवले, चारही नको. मधेच मोबाईल वाजला. पहिल्याच ओळीत 'रिग्रेट'. पुढचं वाचलं नाही. बाईंना पाचवा पिवळा काढून दिला, तो त्यांना पसंत पडला. चला, कुणाला तरी काहीतरी पसंत पडलं.

सायमाला मेल दाखवला. (दुकान तिच्या अब्बांचं, मी अर्धा दिवस बसते.) सा. म्हणाली, "उनकाच नुकसान है. चल, चाय पी." चहा फार गोड होता. रडू आलं नाही.

ग्रामीण व्यवस्थापनाचा कोर्स. लेखी निघाली, इंटरव्ह्यूत गेलं. आबांशी बोली होती : एक वर्ष शहरात, छावणीत आत्याकडे राहायचं, अभ्यास करायचा, नाही झालं तर गावी परत. वर्ष संपत आलंय.

१७ एप्रिल, गुरुवार
सकाळी आत्याला सांगितलं. पोहे तसेच ठेवले होते म्हणून तिनंच विचारलं, "कामून गं, खात नाहीस?" ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग जरा वेळानं, "अन् बोकडाचं काय?"

बोकडाचं माझ्या लक्षातच नव्हतं. मी फॉर्म भरला तेव्हाच आबांनी गावाकडच्या पिराला कंदुरी बोलली होती, बोकडाच्या जेवणाचा नवस. काळा, एक कान पांढरा. तेव्हापासून त्याला कळपात वेगळाच मान. बकरीदसाठी व्यापारी दोनदा विचारून गेले. आबांचं एकच, "बोललेला हाय." नंबर लागला की त्याचं जेवण गावाला.

आता नंबरच नाही, म्हणजे नवसाचंही बंधन नाही. माझ्यामुळे बिचारा वाचला म्हणावं, तर बकरीद तोंडावर.

आबांना अजून सांगितलेलं नाही. रेंज नसते त्यांना. (असते. कॅनॉलवर चढले की असते.)

१८ एप्रिल, शुक्रवार
ते हसणं डोक्यातून जात नाही.

समोर तिघं होते. मधल्या सरांनी विचारलं, ग्रामीण म्हणजे काय? व्याख्या पाठ होती, लोकसंख्या वगैरे सगळी. पण तोंडातून आलं, "सर, मी जिथनं आले ते." तिघंही हसले. मीही हसले. बाहेर आले ती उड्या मारतच, वाटलं जिंकलं.

आता बसून त्या हसण्याचे प्रकार पाडतेय. कौतुकाचं. कंटाळ्याचं. 'बरं, पुढचा उमेदवार'चं. सा. म्हणते, "अच्छाच हँसे होंगे यार." अच्छाच हसले असते तर

जाऊ दे.

१९ एप्रिल, शनिवार
शेजारच्या काकू पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. "आज तुमच्याकडं कुणाला चूल पेटवू वाटली नसंल." कुणी गेलेल्या घरी देतात तसा डबा! आत्यानंही तो मान खाली घालून घेतला. मला इतका राग आला. मी काय मेलेय का?

पिठलं मात्र झणझणीत होतं. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२० एप्रिल, रविवार
आबांना फोन केला. वैजापूरच्या अलीकडे एकाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्यात, कांदा काढून झालाय तिथं. मागे घंट्या वाजत होत्या.

"आबा, नंबर नाही लागला."

आबांनी कुठल्यातरी मेंढीला हाकललं. मग म्हणाले, "साहेबापुढं बोल्लीस का?"

"बोलले."

"समदं?"

"विचारलं तेवढं सगळं."

"बरं." ठेवला फोन.

आज रडले. बाथरूममध्ये नळ सोडून. आत्यानं बाहेरून सांगितलं, "पाणी उद्या येणार नाही, नळ बंद करून रड." मग बंद करून रडले.

२३ एप्रिल, बुधवार
आबांचा निरोप आत्याकडे : पुढच्या गुरुवारी कंदुरी, समद्यांनी या.

आबांना कळलंच नाही की काय? गावभर लाज. लगेच फोन लावला.

"आबा, मी म्हटलं ना, लागला नाही म्हणून."

"कळलंय मला. बहिरा हाय का मी?"

"मग कंदुरी कशाची?"

"नवसाची. मी नंबर कवा मागितला व्हता?"

मग आबांनी सांगितलं. दहावीत जातीच्या दाखल्यासाठी वैजापूरला तहसीलला गेलो होतो. साहेबांनी नाव विचारलं आणि माझं तोंड उघडेना. मान खाली. आबांनीच नाव सांगितलं. साहेब म्हणाले, "मुकी आहे का तुमची पोरगी?" मला त्या दिवसाचा फक्त रसवंतीतला रस आठवतो. आबांना उरलेलं सगळं.

"तवापासनं मनात व्हतं. म्हणून पिराला म्हणलं, पोरगी साहेबापुढं न भिता बोलू दे. बोल्लीस ना? मग फेडायला नको?"

मी भांडले. "आबा, मागायचंच होतं तर नंबर मागायचा ना! एवढंच काय मागितलं?"

"एका बोकडात किती मागायचं माणसानं?"

सा.ला सांगितलं तर ती कापडाच्या गठ्ठ्यावर पडून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मैं भी आती कंदुरी को."

२५ एप्रिल, शुक्रवार
आबांवर इतकी माया येते की काही सुचत नाही. पण खरं लिहायचं तर मला नंबर हवा होता. अजून हवाय. आबांचा नवस फिटला म्हणून माझं फिटत नाही. मधल्या सरांवर राग आहे, स्वतःवर थोडा जास्त.

मी अशी किती वर्षं बोलतेय, कॉलेजात, दुकानात, बायकांशी भाव करताना. आबांनी ते मोजलंच नाही. त्यांच्यासाठी मी अजून तहसीलच्या टेबलापुढेच उभी होते.

२ मे, शुक्रवार
काल झाली कंदुरी. अंग रश्श्याच्या वासानं भरलंय.

मुलाणीचाचांनी फातिहा दिला, मटण पुरुषांनी शिजवलं, भाकऱ्या आईच्या आणि बायकांच्या. बोकडाकडे मी बघितलं नाही. सगळे येणार ते विचारणारच, "कुठं लागला नंबर?" आबा हातात पळी घेऊन प्रत्येकाला, "नाय लागला. बोलली चांगली." न लाजता, रस्सा वाढता वाढता.

चुलते गोंधळले. "मग आबा, मटण कशाचं?"

"बोलल्याचं. अजून घे."

पहिल्या पंगतीला मला धरणी दुभंगावी असं झालं. चुलीमागं लपून बसले. दुसऱ्या पंगतीला आत्यानं हातात भाकऱ्यांची दुरडी दिली नि ढकललं. तिसऱ्या पंगतीत मीच म्हणायला लागले, "नाही लागला काका, भाकरी वाढू का?" सायमा माझ्यामागून कांदा-लिंबू वाढत होती. म्हणाली, पोरगी नापास झाली म्हणून एवढी मोठी दावत तिनं कुठं बघितली नाही. मीही नाही.

निघताना आबांनी आत्याच्या पिशवीत मटणाचा डबा ठेवला. माझ्या हातात काही दिलं नाही. नुसतं पाठीवर थोपटलं, जनावराला थोपटतात तसं, जरा जोरात.

४ मे, रविवार
छावणीत परत. बोलीप्रमाणे मी या महिन्यात गावी जायला हवं. आत्या बॅगेचा विषय काढत नाही. मीही काढत नाही. पुस्तकं टेबलावर आहेत तशीच, अभ्यासाची म्हणून नाही, आवरली नाहीत म्हणून.

संध्याकाळी आबांचा फोन.

"अजून एक साल बसती का?"

"बोली एका वर्षाची होती आबा."

"बोली कुणी केलती? मीच ना."

"परत तेच तिघं असतील समोर. परत हसतील."

"हसू दे. तुला भ्या वाटतंय का?"

"नाही." खरंच नाही वाटत. "पण परत नाही लागला तर?"

घंट्या. मी म्हटलं, विचार करते.

"कर. म्या दोन करडं बाजूला ठिवलीत."

"दोन कशाला?"

"ह्या टायमाला नंबर बी मागावा म्हन्तो."

मी अजून हो म्हटलेलं नाही.