सगळ्यात गप बसणारा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार
मानवजातीने सोसलेल्या अन्यायांची नोंद कुणी करत असेल, तर आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर त्यात यावा. समोरच्या सुभेदार नाथाजींनी गच्चीच्या कामातलं उरलेलं सिमेंट वाया जाऊ नये म्हणून तो स्वतः घातला. लष्करी शिस्तीत, म्हणजे उंच. माझी गाडी स्पोर्ट्स कार, जमिनीपासून चार बोटं वर. आज तिचं पोट टेकलं आणि डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज यायला लागला.
निदान: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धूर स्वच्छ करणारा डबा. माझ्या गाडीला असे दोन आहेत. दोन्ही गेले.

५ नोव्हेंबर
सांगलीला जोतीराम मिस्त्रीकडे. त्याने डबे काढून मधे साधा पाइप जोडला. तात्पुरतं हाय म्हणाला, आवाज लय होईल, आठवड्यात नवे कुठले ते सांगा. पर्याय तीन: कंपनीचे ओरिजिनल, बाहेरचे स्वस्त, नाहीतर हाय-फ्लो, म्हणजे धूर मोकळा सोडणारे. घाईत निवडणं माझ्या स्वभावात नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये हयात गेली. रविवारपर्यंत सखोल अभ्यास करून निर्णय.
येताना बाजूच्या सीटवर कांद्याची पिशवी ठेवली. गाडी बेल्टसाठी ओरडायला लागली. पिशवीला बेल्ट लावला. गाडी हिच्या माघारी घेतलेली. त्या सीटवरचा हा पहिला प्रवासी.

६ नोव्हेंबर, सकाळी ७
इंजिन चालू केलं आणि सुभेदार फाटकात. भिंतीवरचे फोटो हलतात म्हणे. शांतपणे ऐकून घेतलं. केवळ सौजन्य म्हणून चहा विचारला. नको नको म्हणत दोन कप घेतले. त्यांनी लष्करात ट्रक चालवले. लेहला थंडीत डिझेल गोठायचं, तर टाकीखाली जाळ करायचे. शास्त्रीयदृष्ट्या उपयुक्त माहिती.

९ नोव्हेंबर, रविवार
अभ्यास अपूर्ण. ओरिजिनलच्या किमतीत इथे फलटणला अर्धा गुंठा येईल. स्वस्तातल्याची आतली जाळी पातळ. हाय-फ्लोबद्दल इंटरनेटवर दोन मतं. माझं तिसरं तयार व्हायला वेळ लागेल. सुभेदार येऊन गेले. आजची तक्रार त्यांच्या मंडळींच्या, अंजनावहिनींच्या, डोकेदुखीची. जाताना म्हणाले, चहात आलं घालत चला. आलं आणलं. दूधही वाढवलं. दूधवाल्याला सांगितलं, पाहुणे आहेत.

१२ नोव्हेंबर
बॅटरी उतरू नये म्हणून गाडी रोज सातला चालू करणं आवश्यक आहे. आज सुभेदार आले नाहीत. बॅटरीच्या हितासाठी अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला. आले.

१४ नोव्हेंबर
जोतीरामचा फोन. डबं निवडताय का सून, असं विचारलं त्याने. पीयूसी महिनाअखेर संपतेय याचीही आठवण केली. संशोधन निर्णायक टप्प्यावर आहे असं सांगितलं.
क्रांतीला बेंगळुरूला फोन केला. लेक हुशार आहे, तिला तिन्ही पर्याय समजावत होतो. दुसऱ्यावर आलो तेव्हा म्हणाली, बाबा, मीटिंग आहे.

१८ नोव्हेंबर
सुभेदारांना बुद्धिबळ येतं. दोन डाव झाले. उठून फाटकापर्यंत गेले, तिथे आठवलं, परत येऊन तक्रार केली. मी ती गांभीर्याने घेतली. निर्णय पुढच्या आठवड्यात नक्की.

२१ नोव्हेंबर
सुभेदार आज बसले नाहीत. वहिनींचा पहाटे कुठे डोळा लागतो, तर सातला माझं इंजिन. आता ठोके वाढतात म्हणे, डॉक्टरकडे नेलं होतं. चहा उतू गेला. "उद्या मी येतो सांगलीला," म्हणाले. "कसं ठरत न्हाई ते बघू."

२२ नोव्हेंबर, शनिवार
सुभेदारांनी बेल्ट स्वतःच लावला. पाइपच्या आवाजात कराडपर्यंत दोघंही ओरडून बोलत होतो. पेठ नाक्याला भजी. घसा पार बसला. असा प्रवास बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. (रस्ता सुधारलाय.)
जोतीरामने तिन्ही प्रकारचे डबे बाकावर मांडले. मी जाळीच्या छिद्रांपासून सुरुवात केली. सुभेदारांनी हात वर केला.
"ह्यातला सगळ्यात गप बसणारा कुठला?"
जोतीरामने ओरिजिनलवर बोट ठेवलं.
"बसव."
माझा एवढ्या दिवसांचा अभ्यास एका शब्दात आटोपला. येताना गाडीत चिडीचूप. बोलायला उत्तम. सुभेदार वाटभर घोरत होते.

२४ नोव्हेंबर, सकाळी ७
इंजिन चालू केलं. चालू झालंय का, हे मलाच काटा बघून ठरवावं लागलं. संपूर्ण यश. कुणी आलं नाही. येण्याचं कारणच नाही.

२८ नोव्हेंबर
पीयूसी मिळाली. धूर आदर्श आहे म्हणाले. क्रांतीला मेसेज केला. तिने अंगठा पाठवला. जास्तीच्या दुधाचं दही लावलं.
हॉर्नचं वायरिंग तपासलं. दोनदा. अंजनावहिनींनी खिडकीतून हसून हात केला. तब्येत छान दिसतेय. खिडकी लावून घेतली.

३ डिसेंबर, संध्याकाळ
विचारांती ध्यानात आलं: सुभेदार एवढ्या वेळा तक्रार घेऊन आले, मी त्यांच्या दारी एकदाही गेलो नाही. आपल्याकडे बाकी राहू नये. त्यांच्या कुकरची शिट्टी माझ्या घरात ऐकू येते. पूर्वी येत नसावी.
शर्ट बदलून गेलो. दारातच सांगितलं, कुकरबद्दल बोलायचंय.
सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं, मग बाजूला सरकले. "आवं, मग आत बसून सांगा की."
आत बसून सांगितलं. भात शिजेपर्यंत.