दुसरी रेघ

१० जुलै १९९८, नोएडा
आले एकदाची! सांगलीहून दोन गाड्या बदलून. इथे वस्त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. प्रयोगशाळेला अजून रंगाचा वास येतो. इंग्लंडच्या एका विद्यापीठाबरोबर आमचं काम: रक्ताच्या थेंबावरून काही मिनिटांत टायफॉईड ओळखणारी पट्टी. एक लाल रेघ म्हणजे निरोगी, दोन म्हणजे आजार. एक पट्टी माझी, एक स्वप्नालीची. जिची सरस ठरेल ती इंग्लंडला जाणार. स्वप्नाली लष्करातल्या सुभेदारांची मुलगी, दिल्लीच्या छावणीतच वाढलेली. तिला ‘कोशिंबीर’ शब्द आठवेना, रायता म्हणाली. गोड आहे.

२ ऑगस्ट
तिची पट्टी माझ्या पट्टीआधी आजार पकडते. आमचे प्रमुख श्रीपादसर सगळ्यांसमोर म्हणाले, "इंदुमती, जरा हिच्याकडून शिका." ती माझ्याकडे बघून हसली. प्रेमानेच हसली असेल. मला जेवण गेलं नाही.

१९ ऑगस्ट
इंग्लंडच्या पाहुण्यांसमोर चाचणी. निरोगी माणसाचं रक्त हवं होतं, मी बोट पुढे केलं. कालपासून अंग मोडून येत होतं, पण ते कशाला सांगू? माझ्या पट्टीवर एक रेघ, तिच्या पट्टीवर दोन. पाहुणे हसले. मी तर धडधाकट समोर उभी! स्वप्नालीने जिन्यात गाठलं. "ताई, प्लीज, एकदा डॉक्टरांना दाखव. माझी पट्टी चुकत नाही गं." इंग्लंडला मी जाणार. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२४ ऑगस्ट
ताप. दुपारी तिच्या टेबलावरची पट्टी उचलून बोट टोचलं. दोन रेघा. माझ्या पट्टीवर एकच. पुन्हा केलं. तिची दुसरी रेघ आणखी गडद. फेकून दिली. तिचीच.

२७ ऑगस्ट
डॉक्टरांना टायफॉईडचा संशय होता. मी माझी पट्टी दाखवली. त्यांनी मान डोलावली, साधा ताप म्हणाले. आणखी रक्त तपासू का, विचारलं. मी नको म्हटलं. टायफॉईड निघाला तर पट्टी तिची खरी—

३० ऑगस्ट
पोटात सुरी फिरतेय. भिंतीवर लाल रेघ. एकच होती, सकाळी एकच—

३१
स्वप्नाली आली. माझी मूठ हळूच उघडली, बोट टोचलं. थेंब पडायच्या आधीच तिच्या पट्टीवर दोन— मीच पाहिलं. ती रडली. हॉस्पिटलला नेते म्हणाली, टॅक्सी आणायला धावली. मी कडी लावली.

ती दार ठोठावतेय. "ताई, उघड ना!" पोटात काहीतरी फुटलं— गरम— उठता येईल, कडी जवळच— पण उघडलं तर ती जिंक